वधस्तंभ उचलायचा कसा?

एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करणाऱ्या मैत्रिणीने एक वाक्य पाठवलं. कथा नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली. सुनेबद्दल लेखक लिहितो, 'सासूच्या आजारपणाचा वधस्तंभ ती वीस वर्षं उचलत होती.' मैत्रिणीच्या शंका तीन. स्तंभ हा रोवलेला असतो, तो उचलणार कसा? 'क्रूस वाहत होती' असं करू का? दुसरी, त्याच कथेतले पाळक उपदेशात 'आत्मत्याग' म्हणतात. वाचकाला तो आत्महत्येचा भाऊबंद वाटणार नाही का? आणि तिसरी, आजारपणाला वधस्तंभ म्हणणं मुळात बरोबर आहे का?

पहिलीचं उत्तर अर्ध्या ओळीत देता येईल: राहू दे, बदलू नकोस. पण कारण सांगायचं तर जरा लांबून यावं लागतं.

येशूला ज्यावर खिळलं त्याच्यासाठीचे हे दोन शब्द मराठी ख्रिस्ती समाजात दोन घरांत वाटले गेले आहेत. प्रॉटेस्टंट मंडळींच्या पवित्र शास्त्रात (म्हणजे बायबलमध्ये), गीतांत, उपदेशात वधस्तंभ. कॅथलिक घरांत क्रूस. तो पोर्तुगीज 'क्रुझ'च्या वळणाने आला आणि गोव्यात कोंकणीत त्याचा खुरीस झाला. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे तिथल्या जुन्या प्रॉटेस्टंट कुटुंबातल्या सुनेच्या तोंडी वधस्तंभच येणार. हीच कथा वसईत घडली असती तर मी क्रूस करायला सांगितलं असतं. तिकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या आठवणीने 'क्रूसाची वाट' चालतात. एकदा एका टेकडीवर ती चालताना पाहिली होती. पुढे लाकडी क्रूस घेतलेला मुलगा, खांद्याखाली घडी घातलेला पंचा, आणि दर थांब्याला दुसरा मुलगा खांदा द्यायला पुढे. उभा वासा मागे जमिनीवर घासत होता आणि लाल मातीत त्याची एक सलग रेघ उठत होती.

गळ्यातल्या दागिन्याला मात्र कुठल्याही घरात 'क्रॉस' म्हणतात. 'वधस्तंभाचं लॉकेट' असं मी आजवर ऐकलेलं नाही, आणि ऐकायला येईल असं वाटत नाही. त्या शब्दात वध शिल्लक आहे ना! फाशीच्या दोराची साखळी कोण घालेल? रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ६३ मध्ये एका खटल्यात म्हटलं होतं, की 'क्रुक्स' (लॅटिनमधला क्रूस) हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या अंगापासूनच काय, त्याच्या विचारापासून, डोळ्यांपासून, कानांपासूनही दूर राहिला पाहिजे. क्रूस आणि क्रॉस हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले. वधस्तंभ तेवढा खरबरीत राहिला. माझा कल त्याच्याकडे आहे, हे लपवत नाही.

आता स्तंभ. ग्रीक शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक वगैरेंच्या येशूच्या चरित्रांत, शब्द आहे 'स्तौरोस', आणि त्याचा जुना अर्थ नुसता उभा खुंट. होमरच्या काव्यांत कुंपणाला रोवलेले खुंट म्हणजे स्तौरोसच. म्हणजे स्तंभ म्हणणाऱ्या भाषांतरकाराने काही घोटाळा केलेला नाही, उलट तो मुळाला धरून आहे. घोटाळा आपल्या डोळ्यांपुढच्या चित्रात आहे. स्तंभ म्हटलं की आपल्याला दीपस्तंभ नाहीतर विजयस्तंभ दिसतो. रोमन पद्धतीत उभा खांब बहुधा वधाच्या जागी आधीच असे. दोषी माणूस वाहून नेई तो आडवा वासा, लॅटिनमध्ये 'पातिबुलुम'. तिथे पोचल्यावर तो वासा माणसासकट वर चढवत. ग्रीक लेखक प्लुटार्क सहज, उदाहरण म्हणून लिहून जातो, की शिक्षा झालेला प्रत्येक गुन्हेगार आपला स्तौरोस स्वतः वाहून नेतो. त्या काळच्या माणसाला 'आपला वधस्तंभ उचलणे' हे रूपक वाटण्याचं कारण नव्हतं. रस्त्याने वासा घेऊन चाललेला माणूस परत येताना कोणी पाहिलेला नसे.

येशू हे बोलतो ते मार्कच्या आठव्या अध्यायात, शिष्यांना आणि लोकांना जवळ बोलावून. माझ्यामागे यायची ज्याची इच्छा असेल त्याने आत्मत्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि माझ्यामागे यावं, असा त्याचा आशय. तेव्हा त्याला कोणी पकडलेलं नाही, खटला नाही, शिक्षा नाही. ऐकणारे काय समजले असतील, देव जाणे.

दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे. आत्मत्यागातला 'आत्म' म्हणजे जीव किंवा आत्मा नव्हे. आत्मचरित्र, आत्मविश्वास यांत आहे तोच, 'स्वतः' या अर्थाचा. व्याकरण म्हणून शब्द निर्दोष. माझी तक्रार वेगळी आहे: हा शब्द फार सभ्य आहे. त्याग म्हटलं की आपल्याकडे लगेच मान झुकते. त्यागमूर्ती, सर्वसंगपरित्याग, सत्कार, शाल, श्रीफळ. त्याग करणाऱ्याची उंची वाढते. मूळ ग्रीक क्रियापद 'अपार्नेओमाइ' मात्र उंची वाढवणारं नाही. त्याचा अर्थ नाकारणे, कानांवर हात ठेवणे, संबंध झटकून टाकणे.

आणि मार्कमध्ये हे क्रियापद पुन्हा येतं ते कुठे? येशूच्या शेवटच्या रात्री. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असं येशू पेत्र या आपल्या शिष्याला सांगतो, तिथे. पुढे मुख्य याजकाच्या वाड्यात पेत्र शेकोटीपाशी ऊब घेत बसलेला असतो. एक दासी त्याच्याकडे निरखून पाहते आणि म्हणते, तूही त्याच्याबरोबर होतास. तो नाही म्हणतो, पुन्हा नाही म्हणतो, आणि शेवटी शपथा घेऊन सांगतो की या माणसाला मी ओळखत नाही.

आपल्याकडे यासाठी एक नेमका वाक्प्रचार आहे: ओळख न दाखवणे. लग्नात समोरासमोर आला, पण ओळख दाखवली नाही. आठव्या अध्यायात शिष्याने स्वतःच्या बाबतीत करायचं ते हेच. आपला मान, आपला हट्ट, आपलं 'माझं काय?' समोर येऊन उभं राहिलं, तर त्याला ओळख दाखवायची नाही. पेत्राने क्रियापद बरोबर निवडलं, कर्म चुकवलं: स्वतःऐवजी येशूला नाकारलं. मराठीत एका जागी 'आत्मत्याग' आणि दुसऱ्या जागी 'नाकारशील' आल्यामुळे हे दोन प्रसंग एकमेकांना हाकच मारत नाहीत. अलीकडच्या काही भाषांतरांत 'स्वतःला नाकारावे' असं आढळतं. ते कानाला जरा अवघडल्यासारखं वाटतं, पण हाक ऐकू येते. कथेतल्या पाळकांना मात्र 'आत्मत्याग'च म्हणू दे. नगरचे पाळक तेच म्हणतील.

वाक्याच्या दुसऱ्या तुकड्याचीही अशीच गंमत आहे. 'वधस्तंभ उचलावा' यातलं उचलण्याचं क्रियापद मार्क वधस्तंभाबद्दल पुन्हा वापरतो ते पंधराव्या अध्यायात, शिमोन कुरेनेकरासाठी. (कुरेनेकर! पुणेकर, नगरकर तसा. कोणा भाषांतरकाराला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. कुरेने आजच्या लिबियात.) हा शिमोन रानातून गावाकडे येत असतो, शिपाई त्याला धरतात आणि येशूचा वधस्तंभ उचलायला लावतात. मराठी शास्त्रात इथे 'वेठीस धरले' असे शब्द आहेत, आणि याहून चांगले शब्द सापडणार नाहीत. ग्रीक क्रियापद मूळचं इराणी टपालव्यवस्थेतलं, सरकारी कामासाठी वाटेतला माणूस किंवा जनावर ताब्यात घेण्याचं. आपली वेठ संस्कृत 'विष्टि'तून आलेली, तीही सक्तीची फुकट मजुरीच. दोन्ही शब्दांना एकाच तऱ्हेच्या घामाचा वास आहे.

म्हणजे ज्याला उचलायला सांगितलं तो पेत्र अंगणात नाही-नाही म्हणत राहिला, आणि ज्याला कोणी काही शिकवलं नव्हतं त्या वाटसरूच्या खांद्यावर वासा आला. मार्क यावर काहीच भाष्य करत नाही. शिमोनाच्या दोन मुलांची नावं, आलेक्सांद्र आणि रूफ, तेवढी नोंदवतो आणि पुढे जातो.

इथून तिसरी शंका सोपी होते. अग्रलेखांत 'ज्याचा क्रूस त्याने वाहायचा' असं येतं तेव्हा अर्थ असतो नशिबी आलेलं निमूट सोसणे. त्यासाठी आपल्याकडे भोग आहेत, वाट्याला येणं आहे, कपाळी असणं आहे. येशूच्या वाक्यात मात्र 'ज्याची इच्छा असेल' ही अट पहिली आहे. टाळता आलं असतं, नाही टाळलं, तर तो वधस्तंभ. टाळता येण्यासारखं नव्हतंच, तर ते भोग. आणि दुसऱ्याने तुमच्या खांद्यावर आणून ठेवलं, तर ती वेठ.

हे तिन्ही कधी कधी एकाच घरात सापडतात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, नातेवाईक गेले, आणि बायको-मुलापासून ताटातूट झाली. त्यांनी हे जाणून उचललं होतं. पण लक्ष्मीबाईंनी? त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत असून नसल्यासारखी पुढची काही वर्षं त्यांनी मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने काढली. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचाराने. तोवर मात्र त्या कुरेनेकरीण होत्या. शिष्याने दिलेल्या किमतीची चर्चा करताना आपण टिळकांचा हिशोब मांडतो. त्याच किमतीतला मोठा हप्ता ज्या बाईने फेडला तिच्यासाठी आपल्याला वेगळा शब्द लागतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

याच संदर्भात मैत्रिणीने जाता जाता विचारलं होतं, की लूकच्या चौदाव्या अध्यायात आईबाप, बायको, मुलं, भावंडं यांचा 'द्वेष' करायला सांगितलंय ते कसं काय? तिथे ग्रीक शब्द खरोखरच द्वेषाचा आहे, पण मागचं वळण हिब्रू आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात याकोबाच्या दोन बायकांपैकी लेआचा 'द्वेष' होता असं मूळ हिब्रूत म्हटलंय, आणि आधीच्याच वचनात खुलासा आहे की त्याचं राहेलवर जास्त प्रेम होतं. मराठी शास्त्रात लेआ 'नावडती' आहे. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. हे आपल्याला पाच वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावं लागत नाही. मत्तयानेही हेच सोपं करून 'माझ्यापेक्षा जास्त प्रीती' असं ठेवलंय. मात्र नावडतीला विचारा, तिला हा फरक कितीसा वाटतो.

त्याच अध्यायाच्या पुढच्या एका वचनातला 'सर्वस्वाचा त्याग' पाहा. तिथलं क्रियापद आहे 'अपोतासोमाइ', म्हणजे निरोप घेणे. लूकनेच आधी नवव्या अध्यायात एका होतकरू शिष्याच्या तोंडी ते घातलंय: आधी घरच्यांचा निरोप घेऊन येऊ दे. असा निरोप शिष्याने मालमत्तेचाही घ्यावा, असं चौदावा अध्याय म्हणतो. घराचा, शेताचा, होडीचा निरोप. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. लूकच्या निरोपात ते 'येतो' नाही.

बलिदान, समर्पण, स्वार्थत्याग हे शब्दही कथेत इकडेतिकडे आहेत. स्वार्थत्याग ठीक. बलिदान काढून टाकायला मी सांगितलं. शिष्याचा बळी दुसरं कोणी देत नाही, आणि हल्ली तो शब्द फलकांवर इतका चिकटवला जातो की कथेत आला की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं.

राहिलं मूळ वाक्य. लेखकाच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो दडपणं बरं नाही. लूकने वधस्तंभ उचलण्याच्या वाक्यात एक शब्द जास्तीचा घातलाय: दररोज. मार्कमध्ये तो नाही. मरण दररोज येत नाही. दररोज येतात त्या सासूच्या कुशी बदलणं, चादरी धुणं, रात्री दोनला हाक आली की उठणं. लूकच्या दररोजमध्ये हे सगळं बसतं.

म्हणून मी मैत्रिणीला सांगितलं, लेखकाला एकच विचार: या बाईला सोडून जाता येत होतं का? कथेत तिला मुंबईच्या इस्पितळात नोकरीचं पत्र आलेलं आहे, असं मैत्रीण म्हणाली, पण ते पत्र तिसऱ्या पानावर येतं आणि पुढे त्याचं काय झालं हे कुठेच नाही. ते पत्र तिने स्वतः फाडलं असेल, तर वाक्य आहे तसं ठेव. नवऱ्याने फाडलं असेल, तर तिथे 'सासूचं आजारपण तिने वीस वर्षं काढलं' एवढंच लिही.