तारामासा गोगलगायीपेक्षा आपल्या जवळचा, हे भ्रूणावरून कसं ठरलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तारामाशाला डोकं नाही, मेंदू नाही, डावी-उजवी बाजूही नाही. गोगलगायीला निदान डोकं तरी आहे. मग तारामासा आपल्या जवळचा आणि गोगलगाय लांबची, हे भ्रूण बघून कसं काय ठरवतात?

प्राणिशास्त्र शिकताना मलाही हे लवकर पटलं नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. वाढ पूर्ण झालेला प्राणी जसा जगतो तसा दिसायला लागतो, आणि त्यात नात्याच्या खुणा पुसल्या जातात. बार्नॅकल बघा. खडकाला चिकटलेला, चुन्याच्या कवचात बसलेला हा प्राणी क्युव्हिएसारख्या दिग्गज प्राणिशास्त्रज्ञानेही शंख-शिंपल्यांच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या गटात टाकला होता. १८३०च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी त्याच्या अळ्या पाहिल्या. त्या सांधेदार पाय मारत पोहत होत्या, अगदी कोळंबी-खेकड्यांच्या अळ्यांसारख्या. झालं, बार्नॅकलचा गट बदलला.

आता तारामाशाकडे. तळ्यातल्या गोगलगायीची अंडी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहेत. पारदर्शक जेलीत असतात, त्यामुळे आतलं छान दिसतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात, तोवर विशेष काही नाही. चाराच्या आठ होताना गंमत होते: वरच्या चार पेशी जरा पिळ खाऊन खालच्या पेशींमधल्या खाचांत बसतात. लाडू रचताना वरचा लाडू खालच्या दोघांच्या मधे ठेवावा तसं. तारामाशात किंवा त्याच्या भाऊबंद समुद्री अर्चिनात हा पिळ नसतो, वरची पेशी थेट खालचीच्या डोक्यावर बसते. भ्रूणाच्या पेशी अशा विभागत जाण्याला विदलन म्हणतात; पहिलं सर्पिल विदलन, दुसरं अरीय. (जाता जाता: गोगलगायीचा शंख उजवीकडे वळणार की डावीकडे, हे याच पिळाच्या दिशेवरून ठरतं, आणि ती दिशा आईच्या जनुकांवर अवलंबून असते.)

फरक नुसता रचनेचा नाही. १८९१मध्ये हान्स ड्रीश यांनी अर्चिनाचं दोन पेशींचं भ्रूण हलवून हलवून पेशी सुट्या केल्या. अर्धी-अर्धी अळी होईल असं वाटत होतं, पण प्रत्येक पेशीपासून आकाराने लहान पण पूर्ण अळी झाली. गोगलगायीच्या गटात असं सहसा होत नाही, तिथे कुठल्या पेशीचं पुढे काय होणार हे फार लवकर ठरून जातं. माणसात एकाच भ्रूणातून एकसारखी जुळी होतात, म्हणजे या बाबतीत आपण अर्चिनाच्या बाजूचे.

मग येतं ते प्रसिद्ध भोक. पेशींचा पोकळ चेंडू एका जागी आत दबतो आणि आतड्याची नळी तयार व्हायला लागते. त्या भोकाला ब्लास्टोपोर म्हणतात. ढोबळमानाने, गोगलगायी-गांडुळांच्या बाजूला तिथे किंवा त्याच्या जवळ तोंड होतं, म्हणून ते प्रोटोस्टोम, म्हणजे ‘आधी तोंड’. तारामाशात तिथे गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे फुटतं, म्हणून तो ड्युटेरोस्टोम, म्हणजे ‘नंतर तोंड’. हे नामकरण कार्ल ग्रोबेन यांनी १९०८मध्ये केलं. पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी, अर्थात आपणही, तारामाशाच्याच बाजूला.

शाळेतले द्विस्तरीय-त्रिस्तरीय, देहगुहा (आतडं आणि शरीराची भिंत यांच्यामधली पोकळी) वगैरेही भ्रूणावरूनच आलेले निकष. जेलीफिशच्या भ्रूणात पेशींचे दोन मूळ थर (जननस्तर), आपल्यात तीन. पण देहगुहाहीन, मग फसवी देहगुहा, मग सत्य देहगुहा अशी जी शिडी पाठ करून घेतात, ती परीक्षेपुरती ठीक आहे. वंशावळ म्हणून ती आता कोणी मानत नाही. १९९७मध्ये जनुकीय तुलनेतून फसव्या देहगुहेचे गोलकृमी आणि सत्य देहगुहेचे कीटक एकाच मोठ्या गटात आले, कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या.

भ्रूणही चकवतं, हे सांगायलाच हवं. बाणासारखे दिसणारे समुद्री किडे, कीटोग्नॅथ, भ्रूण बघून वर्षानुवर्षं आपल्या बाजूला धरले जात होते. डीएनएने त्यांना पलीकडे पाठवलं. प्रायापुलिड नावाचे किडे तर नक्की प्रोटोस्टोम, तरी त्यांच्यात ब्लास्टोपोरच्या जागी गुदद्वारच होतं. त्यामुळे नुसत्या भोकावरून गट ठरवायचे दिवस गेले. भ्रूणाची साक्ष काढतात, पण डीएनएसमोर तपासून घेतात. तारामाशाच्या बाबतीत मात्र दोन्ही साक्षी जुळतात.

राहिला डाव्या-उजव्याचा मुद्दा. तारामाशाच्या अळीला डावी-उजवी बाजू स्पष्ट असते. पाण्यात तरंगणाऱ्या त्या अळीच्या डाव्या बाजूला एक लहानसा कोंब तयार होतो, त्यातूनच पाच हातांचा तारामासा घडत जातो, आणि अळीचं उरलेलं बरंचसं शरीर शोषलं जातं. तुम्ही जो बिनडोक्याचा तारा पाहता, तो बराचसा त्या डाव्या बाजूतून घडलेला असतो.