वडिलांना अर्धांगवायू झालाय, घरी चोवीस तासांची मावशी हवी आहे. चांगला ब्युरो कसा ओळखायचा?

वडील अंथरुणावर आहेत, नाकात नळी आहे आणि तुम्ही 'कोणता ब्युरो चांगला' असं विचारलंय. ब्युरोचं नाव मी सांगणार नाही. फोन लावलात की आधी एवढंच विचारा: रात्री २ वाजता आणि ४ वाजता वडिलांची कूस कोण बदलणार?

'चोवीस तासांची मावशी' हा प्रकारच मला मान्य नाही. दिवसभर अंग पुसणं, डायपर, फीड (नळीतून पातळ अन्न देणं), कपडे करून बाई रात्री ११ ला आडवी झाली की पहाटेपर्यंत उठत नाही, आणि त्यात तिची चूक नाही. तोवर माणूस ६ तास पाठीवर पडलेला असतो. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून बघा. दाबूनही पांढरी पडत नसेल तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम, सुरू झालाय. तिथे तेल चोळायचं नाही, आतली इजा वाढते. दर २ तासांनी कूस बदलायची, तीही पूर्ण आडवी नाही. पाठीला उशी लावून साधारण ३० अंश कलती. पोटरीखाली उशी घालून टाचा गादीपासून सुटलेल्या ठेवायच्या. एअर बेड घेतला तरी यातून सुटका नाही.

म्हणून १२-१२ तासांच्या दोन ड्युट्या घ्या, नाहीतर रात्रीच्या वेळा घरच्यांनी वाटून घ्या. 'रात्री तर सगळे झोपतातच, दुसरे पैसे कशाला' म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांना सांगा, जखम हाडापर्यंत गेली की महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालतं आणि ते पैसे कोणी मोजत नाही.

ब्युरो सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतो. नर्सिंगचे कोर्स वेगळे असतात: जीएनएम ३ वर्षांचा, एएनएम २ वर्षांचा. नर्स म्हणून पाठवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं नर्सचंच काम. बाकी रोजचं शिकलेली मावशी करते, त्यासाठी दिवसभर नर्सचे पैसे मोजू नका.

ती खरंच शिकलेली आहे का, हे पहिल्याच फीडला कळतं. डोक्याकडची बाजू उंच करते का? नळी सरकली नाही ना, यासाठी नाकाजवळची नळीवरची खूण बघते का? सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू देते, की घाईने ढकलते? शेवटी ३० मिली पाणी सोडून पुढचा अर्धा-पाऊण तास त्यांना बसतं ठेवते का? घाईने ढकललेलं फीड उलटून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि उठवताना लुळा हात धरून ओढला, तर त्याच दिवशी बदली मागा. खांदा निखळतो.

ब्युरोशी बोलताना सुट्टीच्या दिवशी कोण येणार, बदली किती तासांत मिळणार, डिपॉझिट कधी परत, हे लिहून घ्या. पोलीस पडताळणीची प्रत मागा. तुमच्या पैशांतले तिच्या हातात किती पडतात, हेही विचारा. फार कापणाऱ्या ब्युरोच्या बायका टिकत नाहीत आणि दर पंधरवड्याला नव्या बाईला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

अर्थात, चांगल्या ब्युरोकडूनही एखादी हलगर्जी बाई येते. तालुक्याच्या गावी तर अनेकदा ब्युरोच नसतो. तिथे डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून घरच्या दोघांनी कूस आणि फीड शिकून घ्यावं.

उशाशी एक वही ठेवा: कूस, फीड, लघवी, प्रत्येकाची वेळ. सकाळी ती उघडा. रात्रीच्या सगळ्या नोंदी एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर आधी पाठ उघडून बघा, मग ब्युरोला फोन लावा.