ऐकावे तरी कोणाचे?

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मला टाइप २ मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टर म्हणतात, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खा. आहारतज्ज्ञ म्हणतात, दोनदाच जेवा. थोरले बंधू फळांना हात लावू देत नाहीत, तर मैत्रीण फळांचाच आग्रह धरते. आता जेवायला बसण्याचीच धास्ती वाटते. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण सल्ला देणारा प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. थोडे थोडे खाण्याचा सल्ला बहुधा इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांसाठी असतो, कारण जेवण लांबले तर त्यांची रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. दोनच जेवणे सुचवणाऱ्याचे लक्ष मात्र एकूण उष्मांक आणि वजन यांकडे असते. सर्वांना लागू पडेल असे कर्बोदके, प्रथिने व स्निग्धांश यांचे एकच प्रमाण नाही, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१९ च्या अहवालात मान्य केले आहे. गोड पेये टाळावीत, मैदा कमी करावा आणि भाज्या वाढवाव्यात, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही. फळांच्या वादात तर दोन्ही पक्ष टोकाचे वाटतात : बेताचे अखंड फळ बहुतेकांना चालते, रस मात्र नको, कारण त्यातला चोथा गेलेला असतो आणि एका पेल्यात तीन-चार फळांची साखर सहज मावते.

उरलेल्या वादांचा निवाडा आपल्या ग्लुकोमीटरवर सोपवावा. जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी रक्तशर्करा मोजावी, आकड्यांशेजारी काय व किती खाल्ले ते लिहावे आणि एका वेळी एकच बदल करून तो दोन-तीनदा पडताळावा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण अपुरी झोप किंवा साधा तापही तो वाढवू शकतो. जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, ही अनेक प्रौढांसाठी सर्वसाधारण मर्यादा असली, तरी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. एचबीए१सी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवते. त्यामुळे आठवडाभरातच एखादा आहार निकालात काढण्याची घाई करू नये.

एका बाबतीत मात्र प्रयोग नको. कर्बोदके एकदम घटवण्यापूर्वी किंवा उपवास सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावेच : इन्सुलिनची किंवा सल्फोनिलयुरिया गोळ्यांची मात्रा कमी करावी लागू शकते आणि एसजीएलटी२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या चालू असतील, तर रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला जाऊ शकते, तीही कधी कधी साखर फारशी वाढलेली नसताना. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचा हिशेबही वेगळा असतो. आपण कोणती औषधे घेता, हे पत्रात लिहिलेले नाही; पुढील भेटीला जाताना त्यांची यादी, नोंदवही आणि आहारतज्ज्ञांचा लेखी आराखडा डॉक्टरांपुढे एकत्र ठेवावा आणि 'माझ्या औषधांसोबत दोन जेवणे चालतील का?' एवढे नेमके विचारावे.