जुलाब थांबवणारी गोळी नातीला अर्धी द्यावी का?

प्रश्न : प्रवासात पोट बिघडले की मी लोपरामाइडची गोळी घेतो आणि लगेच आराम पडतो. चार वर्षांच्या नातीला जुलाब झाले तर तीच गोळी अर्धी करून देता येईल का?

उत्तर : नाही. अर्धी नको, पावही नको.

लोपरामाइड जंतू मारत नाही. ते आतड्याची हालचाल मंदावते, मल आत जास्त वेळ राहतो आणि त्यातले पाणी शोषले जाते. लहान मुलांचे आतडे यामुळे ठप्प होऊ शकते. पोट फुगते, गुंगी येते, कधी श्वासही मंदावतो. शिवाय पाणी आतड्यातच साचून राहिले तर शी थांबलेली दिसते, पण मूल आतून कोरडे पडत जाते.

नातीचे खरे औषध ओआरएस, म्हणजे पुडीतले मीठ-साखर विरघळवून केलेले पाणी. मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, छोटी २०० मिलीत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात! मोठी पुडी पेल्यात थोडी थोडी टाकतात. मग मीठ जास्त होते किंवा कमी पडते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्या. उरलेले २४ तासांनी फेकून द्या. जोडीला डॉक्टरांना विचारून झिंक, रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडायचे नाही. जेवण बंद करू नका, वरणभात, ताक, केळे चालते.

डोळे खोल गेले, लघवी सहा तास झाली नाही, मूल मलूल पडले, पाणी पिईना, शीमध्ये रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठा.

आता तुमच्याबद्दल. मोठ्यांनी आधी २ मिग्रॅच्या दोन गोळ्या, नंतर प्रत्येक पातळ जुलाबामागे एक. डॉक्टरांना न विचारता दिवसात चारच्या वर जाऊ नये. परिणामाला तासभर तरी लागतो, त्यामुळे घाईने गोळ्या वाढवू नका. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. ताप असेल किंवा आव-रक्त पडत असेल तर ही गोळी मुळीच नको, कारण जंतू आणि त्यांचे विष आतच अडकते. दोन दिवसांत उतार नसेल तर गोळी थांबवून तपासून घ्या. आणि गोळी घेतली तरी ओआरएस तुम्हालाही हवेच.