‘कोण कधी बोलतंय तेच कळेना’ हा दोष वाचून दाखवणाऱ्यांचा नव्हे

तुमचा प्रश्न असा: पॉला हॉकिन्सच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ या रहस्यकादंबरीचं इंग्रजी ऑडिओबुक घ्यावं का? काही श्रोते म्हणतात, कानातून काढवत नव्हतं. काही म्हणतात, कोण कधी बोलतंय तेच कळेना, अर्ध्यात सोडलं. दोघंही खरं सांगताहेत. पण दुसरे त्याचं खापर पुस्तक वाचून दाखवणाऱ्यांवर फोडतात, ते मला अजिबात मान्य नाही.

कादंबरी २०१५ची. लंडन परिसरातल्या तीन बायका आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात आणि ऑडिओत तिघींना तीन स्वतंत्र आवाज आहेत: रेचलचे भाग क्लेअर कॉर्बेटने वाचलेत, मेगनचे लुईझ ब्रेलीने, ॲनाचे इंडिया फिशरने. घोळ होतो तो प्रत्येक भागाच्या पहिल्या ओळीत. तिथे नाव, वार, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ एवढंच असतं. रेचल सुरू होते ५ जुलै २०१३ला, मेगन १६ मे २०१२ला, म्हणजे वर्षाहून जास्त मागे. छापील पानावर डोळा पुन्हा वर जाऊन तारीख बघून येतो. कानाला ती सोय नाही. तारीख दोन-तीन सेकंदांत बोलून होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली की पुढचा अर्धा तास चुकीच्या वर्षात ऐकला जातो.

उपाय साधा आहे. पहिल्या तीन-चार वेळा आवाज बदलला की थांबवा आणि नाव, महिना, वर्ष कागदावर लिहा. नंतर गरज पडत नाही. मागे जायचं बटण १५ किंवा ३० सेकंदांवर ठेवा. झोपताना ऐकत असाल तर स्लीप टायमर १५ मिनिटांचाच लावा. रहस्यकथेत सुगावा एकदाच सांगितलेला असतो, तो झोपेत गेला की शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

वेगाचंही तेच. हे रेकॉर्डिंग सुमारे ११ तासांचं आहे. दीडपट वेगाने ते साडेसात तासांच्या आत संपतं. पण वेग वाढवला की शब्दांबरोबर विरामही आकसतात. तीन सेकंदांची शांतता दोन सेकंदांची होते. ‘शांत जागा गाळा’ अशी सोय चालू असेल तर तीही उरत नाही. आणि मग लिहायचं, ‘ताण जाणवला नाही’!

श्रोत्यांची मतं वाचताना ऑडिबल या ऑडिओबुकांच्या ॲपवर एकूण, सादरीकरण आणि कथा असे तीन वेगळे तारे असतात, ते बघा. सादरीकरणाला भरपूर आणि कथेला कमी असतील तर तक्रार कादंबरीबद्दल आहे. उलट असेल तर छापील प्रत घ्या. नमुना ऐकताना निवेदनापेक्षा संवादावर लक्ष द्या: ‘ती म्हणाली’ न ऐकता बोलणारी ओळखू येते का, आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का. पडत असेल तर लोकलमध्ये निम्मे शब्द जातील.

आता जुना वाद. ‘थ्रिलरला आवाजात अभिनय हवाच’ असं ठासून सांगणारे भेटतात. नको. खलनायकाला पहिल्याच प्रसंगात घोगरा आवाज दिला की रहस्य तिथेच फुटलं. वाचून दाखवणारा चांगला असेल तर तो आधी सगळी संहिता वाचतो आणि गुन्हेगाराला शेजाऱ्याइतकाच साधा आवाज ठेवतो.

रहस्यकथा मराठीत आणताना तर आणखी मोठी अडचण आहे. खुन्याचं निनावी स्वगत इंग्रजीत सहज चालतं, तिथे ‘मी’बरोबरच्या क्रियापदाला लिंग नाही. आपल्याकडे ‘मी आत गेलो’ लिहायचं की ‘गेले’? तिथेच निम्मे संशयित बाद. ‘मी दार ढकललं, दिवा मालवला’ असा सकर्मक भूतकाळ वापरून किंवा ‘कुणीतरी आत आलं’ असं लिहून निभावतं. साध्या वर्तमानकाळात सुटका नाही: ‘ढकलतो’ नाहीतर ‘ढकलते’. एवढं सांभाळूनही ते स्वगत वाचायला वेगळा पुरुष किंवा वेगळी बाई बसवली की सगळी मेहनत वाया. अशा कादंबरीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवाज हवा. तेव्हा ‘दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं’ असं कुणी लिहिलं, तर लेखकाला नावं ठेवण्याआधी अनुवाद आणि आवाजांची निवड तपासा.

एक राहिलं. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधले उच्चार ब्रिटिश आहेत. कान सरावला नसेल तर पहिला तास ०.९ वेगाने ऐका. आणि रेचल दारू पिते, तिच्या आठवणींत मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत. शनिवारी रात्री नेमकं काय झालं ते तिलाच आठवत नाही, म्हणून तिथे मागे जाऊन पुन्हा पुन्हा ऐकू नका. तुमचं काही सुटलेलं नाही.