सनग्लासेसची दांडी ढिली झालीय? आधी हे बघ

अरे, लगेच नवीन स्क्रू मागवू नकोस, आधी दांडी उघडून हलवून बघ की नक्की काय हलतंय, स्क्रू फिरतोय की बिजागरीच झिजलीय. स्क्रू नुसता सैल असेल तर काढ, आटे पुसून घे आणि परत बसव. पण घट्ट होता होता अचानक मोकळा फिरायला लागला तर आटे गेलेत समज, मग थोडा जाड स्क्रू लागेल.

स्क्रू घेताना जाडी, लांबी आणि डोक्याचा व्यास तिन्ही बघायचं, जाडी बहुतेक वेळा १.२ किंवा १.४ मिमी असते पण अंदाजाने घेऊ नकोस, जुना मोजून घे. काचेभोवतीच्या रिमचा स्क्रू वेगळा आणि दांडीचा वेगळा, हे लोक हमखास विसरतात. नोज पॅडही दोन प्रकारचे, स्क्रूवाले आणि दाबून बसणारे, एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसणारा हवा, नाहीतर डोकं खराब होतं आणि मग ते काढणं म्हणजे डोक्याला ताप. काम खाली ट्रे ठेवून कर, हे स्क्रू पडले की सापडत नाहीत.

आणि सुपरग्लू अजिबात नको! त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर येतो. कमी ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव, सुईच्या टोकाने एक टिपका लाव, तेही प्लास्टिकच्या काचेला लागू न देता. बिजागरीचा डाग, म्हणजे तिला फ्रेमला जोडणारा सोल्डरचा जोड, तुटला असेल तर मात्र चष्मेवाल्याकडेच जा.