मुलगा 36 वर्षांचा, फॉर्म वडिलांच्या हातात

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मुलगा इंजिनियर, 13 वर्षं एकाच कंपनीत, बढती दोनदा हुकली. तुमचा भाचा मात्र एमबीए करून याच वयात मोठ्या हुद्द्यावर पोचला. म्हणून मुलानंही नोकरी सोडून दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए करावं, फी तुम्ही ठेव मोडून भराल. आणि फॉर्ममधला 'हा अभ्यासक्रम आत्ताच का?' हा निबंध त्यानं महिनाभर कोराच ठेवलाय, तो मी लिहून द्यावा, असं तुमचं म्हणणं.

निबंध मी लिहून देणार नाही. चार पानी पत्रात मुलगा स्वतः बोललाय तो एवढ्या एकाच ठिकाणी, तेही काही न लिहून.

भाचा पानापानावर आहे. त्याची गाडी आहे, त्याचे परदेश दौरे आहेत. मुलाला कुठलं काम जमतं, बढती नाकारताना साहेबांनी कारण काय दिलं, यावर एक ओळ नाही. सूनबाईंचा तर उल्लेखही नाही, आणि पगार थांबला की दोन वर्षं घर ओढायचंय त्यांना. रागावू नका, पण दहावीच्या मुलांचे पालक मला याच सुरात लिहितात आणि ते तिथेही खटकतं. इथे तर मुलगा छत्तीस वर्षांचा आहे. तुमची ठेव एकदा मोडली की त्याला मधेच 'हे माझं नाही' म्हणायची सोय उरत नाही. तुम्ही प्रेमापोटीच करताय, पण दडपण ते दडपणच.

माहितीपत्रकातल्या सरासरी पगाराखाली तुम्ही लाल रेघ मारून पाठवलीय. तो आकडा तुमच्या मुलाचा नव्हे. दोन वर्षांच्या पूर्णवेळ वर्गात बहुतेकजण पंचविशी-तिशीच्या आसपासचे असतात आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या तेवढ्याच अनुभवाच्या जागा भरायला येतात. वरच्या जागा ओळखीतून, शिफारशीतून, माणसं शोधून देणाऱ्या संस्थांमार्फत भरल्या जातात. शिवाय दोन-चार गलेलठ्ठ पगार सरासरी वर ओढतात. विचारायचंच तर मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावले की बरोबर मधे येतो तो. त्याच्या वयाच्या लोकांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए असतं. शिकागो विद्यापीठानं 1943 मध्ये ते सुरू केलं तेच नोकरी करणाऱ्यांसाठी. पण त्यातही प्लेसमेंट गृहीत धरू नका. वर्गातले बरेचजण आधीच नोकरीत असतात, काहींची फी कंपनी भरते, त्यामुळे अनेक ठिकाणी नेहमीसारखं प्लेसमेंट नसतंच.

हिशेब पगाराच्या पटीत करा. समजा फी दोन वर्षांच्या पगाराइतकी आहे. दोन वर्षांचा बुडालेला पगार धरला की खर्च झाला चार वर्षांचा. नंतर पगार 30 टक्के वाढला, तरी व्याज न धरता तो भरून यायला 13 वर्षांहून जास्त लागतात; म्हणजे वयाची एक्कावन्न उलटते. नोकरी सांभाळून केलं आणि खर्च फक्त फीचा असेल, तर हेच पावणेसात वर्षांवर येतं. तुमच्या पत्रात फीचा आकडा आहे, बुडणारा पगार कुठेच नाही.

परीक्षेची घाई नको. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचे गुण 5 वर्षं चालतात.

माझं मत विचाराल तर नोकरी सोडून अजिबात नाही. आधी त्यानं कंपनीत बघावं की ज्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे, तिथे आज बसलेल्यांपैकी एमबीए किती आहेत. बरेच असतील, तर पदवीचा विचार करायला अर्थ आहे, आणि मग कंपनी फीचा वाटा उचलेल का हेही विचारावं. उचलत असेल तर किती वर्षांचा बाँड, ते लेखी घ्यावं. तिथे बिगर-एमबीए माणसंच बसली असतील, तर अडलंय दुसरीकडे. कधी बजेट हाताळलेलं नसतं, कधी माणसं सांभाळलेली नसतात, कधी नुसतं साहेबाशी पटत नाही. पहिल्या दोन्हींसाठी कंपनीतच दुसऱ्या खात्यात बदली मागता येते, खर्चाच्या हिशेबाचा छोटा कोर्स करता येतो. तिसऱ्यावर पदवीचा उपाय नाही. तिथे सरळ दुसरी नोकरी शोधावी.

यापुढचं पत्र मुलाचं येऊ द्या. सोबत गेल्या दोन वर्षांचे अप्रेझलचे कागद जोडायला सांगा, आणि सूनबाईंना काय वाटतं तेही त्यांनी स्वतः दोन ओळीत लिहावं. फॉर्मची मुदत टळेल याची काळजी करू नका. बऱ्याच संस्था वर्षात अर्जांच्या एकाहून जास्त फेऱ्या घेतात.